माशी तितकी वैरी?

माशी दिसली की मारावी, हा आमच्या सुशिक्षित घरांतील आरोग्यशास्त्राचा पहिला धडा होऊन बसला आहे. आमच्या मते हा धडा अर्धवट आहे, आणि अर्धवट ज्ञान अज्ञानाहूनही महाग पडते.

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हेच उदाहरण घ्या. कोहळी समाजातील कोलू पाटलांनी बांधलेला तो विस्तीर्ण तलाव, सभोवती अरण्य, जवळच धानाची शेते. तेथे डासही आहेत आणि सिरफिड माशीही आहे. शास्त्रदृष्ट्या दोघे एकाच द्विपंखी गणातील: पंखांची जोडी एकच, दुसरीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गुंड्या. पण आचार पाहा! डासाची मादी अंड्यांच्या पोषणासाठी रक्त शोषते; ॲनाफेलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेस दाखविले. उलट सिरफिड माशी फुलासमोर अधांतरी स्थिर राहते, मकरंद व पराग खाते आणि परागीकरण करते. तिच्या अनेक जातींच्या अळ्या पिकांवरील मावा फस्त करतात. अंगावर गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, मात्र नांगी नाही. त्या पट्ट्यांपायीच बिचारी आमच्या हातून मरते!

यावर कोणी म्हणेल, हिवतापाने माणसे मरत असता माश्यांचे लाड कसले? हिवतापाची भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. म्हणूनच घाव नेमका बसावा, असा आमचा आग्रह आहे. डासाची अळी साचलेल्या वा संथ पाण्यात वाढते. तेव्हा डबकी बुजवावी, टाक्यांत गप्पी मासे सोडावे, रात्री मच्छरदाणी लावावी. फुलोऱ्यातील पिकावर सरसकट विष फवारल्याने हिवताप हटत नाही. मावा खाणारी अळी मात्र मरते. उरलेल्या माव्याच्या माद्या नरावाचूनच पिले देतात, म्हणून शत्रू लवकर परततो आणि मित्र मागे राहतो. शेतकरी पुन्हा विष विकत घेतो.

आणि गुन्हा कुळाचाच मानावयाचा, तर नर डासाचे काय? तो रक्ताला शिवतही नाही. फुलांच्या रसावर जगतो. इकडे सिरफिडांच्याच काही जातींच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात. जन्मस्थान आणि गोत्र पाहून निवाडा करण्याची आमची जुनी खोड कीटकांच्या बाबतीतही सुटू नये, हे नवल नव्हे काय?

विषाला विवेक नसतो. तो फवारणाऱ्याच्या ठायी असावा लागतो.