त्याग नव्हे, श्रम

क्रांतिकारकाच्या पत्नीचा उल्लेख चरित्रग्रंथांत बहुधा ‘त्याग’ या एकाच शब्दावर आटोपतो. या शब्दाने तिचा गौरव होतो खरा. परंतु तिने केलेल्या कामाची मोजदाद मात्र टळते. कार्ल मार्क्सची पत्नी जेनी हिचे आयुष्य या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

प्रशियातील उमराव घराण्यात १८१४ साली जन्मलेल्या जेनीने १८४३ मध्ये मार्क्सशी विवाह केला. १८४५ मध्ये फ्रान्सने मार्क्सला हद्दपार केले. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत ब्रुसेल्सच्या पोलिसांनी जेनीलाही कोठडीत डांबले. १८४९ मध्ये हे कुटुंब लंडनच्या आश्रयाला आले. पुढच्याच वर्षी चेल्सीतील बिऱ्हाडावर पाच पौंडांच्या थकबाकीपायी जप्ती आली. तान्ह्या मुलाचा पाळणाही तीतून सुटला नाही. सोहोतील कोंदट खोल्यांत १८५५ पर्यंत तीन मुले दगावली. १८५२ मध्ये चिमुकल्या फ्रान्सिस्काच्या शवपेटीसाठी एका फ्रेंच निर्वासिताकडून दोन पौंड आणावे लागले.

अशा स्थितीत जेनी माहेरची चांदी गहाण ठेवी, देणेकऱ्यांना थोपवून धरी आणि मार्क्सच्या दुर्बोध हस्ताक्षरातील लेखांच्या सुवाच्य प्रती करी. एंगल्सच्या पैशाविना हे घर तरले नसते, हे खरेच. पण पैशाने घर आपोआप चालत नाही. ते जेनीने आणि हेलेन डेमुथ या मोलकरणीने चालविले. हेलेनचा उल्लेख तर त्याहूनही क्वचित होतो.

‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रमशक्तीचे मूल्य कामगाराच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहखर्चावरून ठरते, असे तो सांगतो. परंतु शिधा शिजवून, आजाऱ्याची शुश्रूषा करून तो निर्वाह प्रत्यक्षात घडविणाऱ्या हातांचा हिशेब त्यात मांडलेला नाही. ज्या घरात हा ग्रंथ सिद्ध झाला, त्याच घरात ही उणीव रोज डोळ्यांसमोर होती.

हा दोष एकट्या मार्क्सचा नव्हे. भारतात २०१९ साली देशव्यापी वेळ-वापर पाहणी झाली; तरीही गृहिणीचे बिनमोबदला श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेबाहेरच आहेत.

२ डिसेंबर १८८१ रोजी जेनी निवर्तली. आजारी मार्क्स अंत्यविधीस जाऊ शकला नाही. श्रद्धांजलीचे भाषण एंगल्सने केले. अशा स्त्रियांना श्रद्धांजली पुष्कळ मिळाली. हिशेबाच्या वहीत त्यांच्या नावे जमेची नोंद व्हावी, एवढेच राहिले आहे.