गुच्छ घरी आणल्यावर

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातील शिपाईमामा सेवानिवृत्त झाले. आम्ही वर्गणी काढून त्यांना शाल व निशिगंधाचा गुच्छ दिला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाती पडलेला हा पहिलाच गुच्छ. दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, तर फुलांनी माना टाकलेल्या! मामी म्हणाल्या, "पाण्यात ठेवला होता हो. फुलंच शिळी असतील."

फुले ताजी होती. पण गुच्छ दोऱ्यासकट, पानांसकट बादलीत उभा होता आणि पाणी पहिल्या दिवसाचेच होते. चूक मामींची नव्हे, आमची. गुच्छ जपायचा कसा, हे आम्ही सांगितलेच नाही. म्हणून आज ते लिहीत आहोत.

बाजारात गुलछडी म्हणून मिळणारा हाच निशिगंध. एकेरी फूल हार-वेणीला, दुहेरी फूल फुलदाणीला बरे. खालची दोन-तीन फुले उमललेली व वरच्या कळ्या टणक असलेली दांडी घ्यावी. ती खालून वर उमलत जाते.

घरी आल्याबरोबर दोरा सोडावा. दांडीचे टोक धारदार सुरीने इंचभर तिरपे कापावे. बोथट कात्रीने दांडी चेचते व पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढावीत. ती कुजली की पाण्यात जंतू वाढतात आणि दांडीचे तोंड बुजते. पाणी रोज बदलावे, भांडे घासावे, एक दिवसाआड टोक थोडे कापावे. लिटरभर पाण्यात दोन चमचे साखर व चमचाभर लिंबाचा रस घातल्यास वरच्या कळ्या उमलायला मदत होते. मात्र साखरेने जंतूही वाढतात, तेव्हा पाणी बदलण्यात हयगय नको.

सुकलेले फूल खुडून टाकावे. भांडे ऊन, शेगडी व पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवावे. पिकलेल्या केळी-आंब्यांजवळही ठेवू नये. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो व त्याने पुष्कळ फुले लवकर कोमेजतात. यासाठी फुलदाणीच हवी असे नाही, स्वच्छ तांब्याही चालतो.

परवा आम्ही मामांकडे पुन्हा चार दांड्या नेल्या. या खेपेस सुरी मामींनीच हाती घेतली. सहाव्या दिवशी मामांचा निरोप आला, "रात्री खोलीभर वास येतो. चहाला या."