बरसीमाला चुना टाकायचा का? आधी जमीन कुठली ते सांगा



बरसीमाची पेरणी जवळ आली की दूधवाल्या शेतकऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, क्लोव्हरला चुना लागतो म्हणे. एकरी किती पोती टाकू?" बरसीम क्लोव्हरच्याच घराण्यातला, त्यामुळे ऐकायला ते बरोबर वाटतं. त्यात दुकानदारही पांढरी पोती पुढे करतो. माझं मत रोखठोक आहे. देशावरच्या काळ्या किंवा मध्यम जमिनीत बरसीमाला चुना टाकू नका. चुन्याचे पैसे तर जातातच, वर पिकाचं नुकसान होतं ते वेगळं.

हा सल्ला आला कुठून ते बघा. इंग्लंड, न्यूझीलंडकडच्या कुरणांत पावसानं जमिनीतलं कॅल्शियम धुऊन जातं आणि माती आंबट होते. न्यूझीलंडात १९४९ पासून डोंगरावरच्या क्लोव्हरच्या कुरणांवर विमानातून सुपर फॉस्फेट टाकतात, चुनाही तिथं नेहमीचाच. तिथं ते बरोबरच आहे. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळ्या आखडतात, गाठीतले रायझोबियम जिवाणू टिकत नाहीत, मॉलिब्डेनमही मिळत नाही. चुना टाकायचा तो हा आंबटपणा मारायला. क्लोव्हरला चुन्याचं काही वेगळं वेड नाही. आंबटपणाच नसेल तर चुना काय मारणार?

आपली माती बेसाल्टच्या काळ्या दगडाची. नगर, सोलापूर, मराठवाड्याकडं सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. विहीर खणताना पांढऱ्या खड्यांचा थर लागतो ना, तो चुनाच. त्यात अजून चुना टाकला की दिलेलं स्फुरद कॅल्शियमबरोबर अडकून बसतं, लोह आणि जस्त मिळेनासं होतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोहाची कमतरता समजा. बरेच जण ते बघून युरिया मारतात आणि पान पिवळं ते पिवळंच राहतं. आणि चोपण जमिनीला लागतं ते जिप्सम. दोन्ही पांढरी पावडर म्हणून एक समजू नका.

मग खर्च कशावर करायचा? पहिलं स्फुरद. बरसीमाची शिफारस हेक्टरी २० किलो नत्र, ८० स्फुरद, ४० पालाश. एकरी हिशेब केला तर स्फुरद ३२ किलो, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची चार पोती. डीएपीनं हेच स्फुरद ७० किलोत भागतं, हे खरं. तरी माझा कौल सुपरलाच. चार पोत्यांतून २२ किलोच्या आसपास गंधक मिळतं, आणि कॅल्शियमची काळजी असलीच तर तेही त्यातच ४० किलोच्या घरात आहे. स्फुरद पेरणीआधी मातीत मिसळा. उभ्या पिकावर वरून फेकलं तर ते जागचं फारसं हलत नाही.

दुसरं जिवाणू कल्चर, आणि इथंच लोक सगळ्यात जास्त फसतात. सोयाबीन किंवा हरभऱ्याचं रायझोबियम बरसीमाला चालत नाही. लसूण घासाचंसुद्धा चालत नाही, त्याची जात वेगळी. पाकिटावर बरसीमाचं नाव छापलेलं असेल तरच घ्या, मुदतीची तारीख बघा, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळा आणि सावलीत सुकवा. ज्या रानात बरसीम पहिल्यांदाच येतोय तिथं हे चुकवूच नका. त्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारी कासनी काढून टाका आणि बी साध्या पाण्यानं धुऊन घ्या, मीठ राहिलं तर जिवाणू मरतील.

महिन्याभरानं दोन-चार रोपं मातीसकट उकरून गाठी कापून बघा. आतून गुलाबी असतील तर कारखाना चालू आहे. मग प्रत्येक कापणीनंतर युरिया फेकायची सवय सोडा. नत्र आयतं मिळालं की गाठी आळशी होतात.

आता घाटमाथा आणि कोकण. इथं माझं मत बरोबर उलटं. चंदगड, आजरा, महाबळेश्वरकडची तांबडी माती, खाली कोकणातली जांभ्याची, सगळी पावसानं धुतलेली. कोकणात उन्हामुळं बरसीम फारसा करत नाहीत, पण भातानंतरचा वाल, चवळी, भुईमूग यांनाही गाठीच येतात आणि आंबट माती त्यांनाही तेवढीच नडते. इथले लोक पीक पिवळं दिसलं की खताचं पोतं फोडतात. आधी चुना बघा. आंबट मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, म्हणजे खताचे निम्मे पैसे तिथंच अडकतात. दळलेली चुनखडी जेवढी बारीक तेवढी चांगली, खड्यांचा उपयोग नाही. भट्टीचा कळीचा चुना जास्त तिखट, १०० किलो चुनखडीचं काम तो ५६ किलोत करतो, म्हणून मात्रा त्या हिशेबानं कमी करा. पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी वीतभर खोलीपर्यंत मिसळा. सुपर किंवा युरियात चुना कालवू नका. सुपरमधलं स्फुरद बांधलं जातं, युरियातला अमोनिया उडून जातो. एकदम मोठा खर्च झेपत नसेल तर ओळीत पेरायच्या पिकाला हेक्टरी दोन ते चार क्विंटल बारीक चुना दरवर्षी ओळीतच द्यायचा. झारखंड आणि ईशान्येकडच्या आंबट जमिनीत ही पद्धत चालते.

कृषीवाल्या मित्रांना एक सांगणं आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात, त्यात सामू आहे पण मुक्त चुना नाही. देशावरच्या शेतकऱ्याला जो आकडा सगळ्यात आधी हवा तोच नेमका नाही. तो आला पाहिजे. तोवर नमुना देताना मुक्त चुन्याची तपासणी वेगळी मागून घ्या. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुन्याचं पोतं दुकानातच राहू द्या. फसफसलं नाही तरी लगेच चुना घेऊ नका, सामूचा आकडा येऊ द्या.

बरसीम ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचा तर नमुना पावसाची उघडीप बघून आत्ताच काढा. शेणखत पसरायच्या आधी, आणि बांधाकडची, झाडाखालची माती सोडून.