पहिला प्रश्न कोण विचारतो?

लहान मुलाच्या साक्षीवर कितपत विसंबावे, हा न्यायालयांतील जुना वाद आहे. कायद्याने मात्र वयाची अट कधीच घातली नाही. साक्षीदाराला प्रश्न समजतो काय आणि त्याचे सुसंगत उत्तर देता येते काय, एवढेच १८७२ च्या पुरावा कायद्याने पाहिले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १२४ व्या कलमातही तीच कसोटी आहे. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले, की मूल विश्वासार्ह ठरल्यास त्याच्या साक्षीवर शिक्षा देता येते. परंतु ते पढवले जाण्याचा संभव असल्याने ती साक्ष बारकाईने पारखली पाहिजे.

हा धोका खरा आहे. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात १९८३ पासून मुलांना पुनःपुन्हा सूचक प्रश्न विचारले गेले. १९९० मध्ये ते प्रकरण संपले तेव्हा एकही आरोपी दोषी ठरला नव्हता. मोठ्यांनी आपल्या प्रश्नांतच उत्तरे पेरली होती.

याच्या उलट टोकाचा अन्याय मुरबाडच्या शेजारी, बदलापुरात घडला. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची फिर्याद नोंदवण्यास पोलिसांनी तासन् तास लावले. २३ सप्टेंबरला मुख्य आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्याच्यापुरता खटला संपला. त्या मुलींचा शब्द त्याच्यासमोर न्यायासनापुढे कधी पारखलाच गेला नाही. चकमकीला टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

शहापूर-मुरबाडच्या कातकरी-ठाकरांच्या वाड्यांवर हा प्रश्न अधिक बिकट होतो. मूल आपल्या बोलीत सांगते आणि कागदावर उतरते ती पोलिसी मराठी. २०१२ च्या पोक्सो कायद्यात दुभाष्याची तरतूद आहे. जबाब मुलाच्या घरी, गणवेशाविना घ्यावा, न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत साक्ष नोंदवावी, मुलाला वारंवार साक्षीला बोलावू नये, असेही त्यात म्हटले आहे. पण पोलीस येण्यापूर्वीच सरपंच, गुरुजी, नातलग आणि आपला कार्यकर्ताही त्या मुलाला खोदून खोदून विचारून मोकळे झालेले असतात. मग उलटतपासणीत दोन जबाबांतील फरक दाखवला जातो आणि गरिबाच्या लेकराचा खरा शब्दही खोटा ठरतो.

म्हणून वाडीवर प्रथम पोहोचणाऱ्या साथींना आग्रहाने सांगावेसे वाटते: ‘काय झाले?’ यापलीकडे मुलाला काहीही विचारू नका. कोणाचेही नाव सुचवू नका. ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. त्याला सभेत वा कॅमेऱ्यापुढे उभे करू नका. त्याच दिवशी फिर्याद नोंदवा, दुभाष्या मागा आणि नकार मिळाल्यास तेथे ठिय्या द्या.

ही शिस्त मुलाला न्याय देते आणि निरपराध माणसालाही वाचवते. खोट्या आरोपात अडकणारा माणूसही बहुधा वकील न परवडणारा गरीबच असतो, याचा विसर आपल्याला पडून चालणार नाही.