निकाल मिळाला, माणूस हरपला

न्यायालयात हक्क सिद्ध करून घेणे ही एक गोष्ट, आणि तो हक्क प्रत्यक्ष उपभोगावयास मिळणे ही दुसरी गोष्ट. या दोहोंमध्ये जे अंतर असते ते कायद्याच्या ग्रंथांत फारसे दिसत नाही. पण ज्याला ते पायी तुडवावे लागते त्याला ते पुरेपूर माहीत असते. अमेरिकेतील लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने देशाच्या सर्वोच्च न्यायालयात आपला हक्क सिद्ध केला, आणि तो उपभोगण्यापूर्वीच तो नाहीसा झाला. या गोष्टीस ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याचे काय झाले याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. ज्यांच्या घरातील पहिले पाऊल आत्ताच कोठे महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर पडत आहे, त्या कुटुंबांनी ही हकीकत अवश्य वाचावी, अशी आमची इच्छा आहे.

गेन्सचा जन्म १९११ साली मिसिसिपी राज्यातील वॉटर व्हॅली या गावी झाला. वडील वारल्यानंतर १९२६ साली आई मुलांना घेऊन मिसूरी राज्यातील सेंट लुई या शहरी आली. दक्षिणेतील जाच सोडून त्या काळी लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडील शहरांची वाट धरीत होते. त्यांपैकीच हे एक कुटुंब. मुलगा बुद्धिमान निघाला. शाळेत त्याने पहिला क्रमांक पटकावला, निबंधस्पर्धेत शिष्यवृत्ती मिळविली आणि १९३५ साली जेफर्सन सिटी येथील लिंकन विद्यापीठातून तो सन्मानपूर्वक पदवीधर झाला. हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांसाठी राज्याने चालविलेले होते आणि तेथे कायद्याचा वर्गच नव्हता. गेन्सला वकील व्हावयाचे होते. म्हणून त्याने मिसूरी विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाकडे अर्ज धाडला.

हे विद्यापीठ कोलंबिया नावाच्या गावी आहे. कोलंबिया हे नाव आमच्या वाचकांच्या ओठांवरचे, कारण डॉ. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. परंतु ते कोलंबिया निराळे आणि मिसूरीतले हे निराळे. लिंकन विद्यापीठाकडून गुणपत्रक येऊन पोहोचेपर्यंत या दुसऱ्या कोलंबियाला गेन्सच्या अर्जात काहीच उणे दिसले नव्हते. गुणपत्रक आले, अर्जदाराचा वर्ण कळला, आणि १९३६ साली प्रवेश नाकारण्यात आला. राज्याने त्याला जो मार्ग दाखविला तो वरकरणी मोठा उदार होता. शेजारच्या कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा किंवा इलिनॉय राज्यांत जाऊन शीक, फीचा भार आम्ही उचलू, असे राज्याचे म्हणणे होते. आपल्या घरचे दार बंद ठेवून परक्याच्या दाराचे भाडे भरण्याचीच ही रीत होती.

गेन्सने ही रीत मान्य केली नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने त्याचा दावा हाती घेतला. चार्ल्स ह्यूस्टन हे विख्यात कृष्णवर्णीय कायदेपंडित त्याच्या बाजूने उभे राहिले. राज्यातील दोन्ही न्यायालयांत पराभव झाला. परंतु १२ डिसेंबर १९३८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन अशा बहुमताने गेन्सच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश ह्यूज यांच्या निकालपत्रातील दोन मुद्दे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा की, समान संरक्षण देण्याचे राज्याचे कर्तव्य त्याच्या स्वतःच्या हद्दीत पार पडले पाहिजे. ते शेजाऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. दुसरा मुद्दा याहून मोलाचा आहे. कायदा शिकू इच्छिणारे कृष्णवर्णीय फार थोडे आहेत, अशी सबब राज्याने पुढे केली होती. त्यावर न्यायालयाने बजाविले की, हा हक्क त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे. दुसरे किती जण मागतात यावर तो अवलंबून नाही. एकट्याने मागितला तरी तो द्यावाच लागेल.

निकाल मोठा होता, पण त्यात एक फट होती. वेगळे पण समान, हे १८९६ सालापासून चालत आलेले तत्त्व न्यायालयाने मोडले नव्हते. त्या फटीतून मिसूरीच्या विधिमंडळाने वाट काढली. प्रवेश देण्याऐवजी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय काढण्याकरिता त्याने निधी मंजूर केला, आणि १९३९ च्या सप्टेंबरात ते सेंट लुई येथे सुरू झाले. हे नवे महाविद्यालय जुन्याच्या बरोबरीचे आहे काय, हा वाद पुन्हा न्यायालयापुढे यावयाचा होता. त्यासाठी गेन्सची साक्ष आवश्यक होती. वकिलांनी त्याचा शोध सुरू केला, तेव्हा तो कोठेच सापडेना.

मधल्या काळात त्याचे दिवस कसे गेले ते पाहावे. दावा चालू असतानाच त्याने मिशिगन विद्यापीठातून अर्थशास्त्राची उच्च पदवी मिळविली होती. परंतु निकालाने त्याच्या पोटापाण्याची सोय झाली नाही. सेंट लुईत त्याने एका पेट्रोल पंपावर काम धरले. मालक पेट्रोलच्या प्रतीत लबाडी करतो असे दिसून येताच ते सोडले. संघटनेच्या सभांतून त्याची भाषणे झाली. कामाच्या शोधात तो कॅन्सस सिटीस गेला, तेथून शिकागोस गेला. शिकागोत एका कृष्णवर्णीय विद्यार्थी बंधुसंघाच्या घरी तो उतरला होता. १९ मार्च १९३९ च्या संध्याकाळी, पावसाळी आणि थंड हवेत, टपालाची तिकिटे घेऊन येतो असे तेथील माणसास सांगून तो बाहेर पडला. त्यानंतर त्याला कोणी पाहिल्याचे निश्चित असे काही आढळत नाही.

यानंतर तर्कांना ऊत आला. कोणी म्हणाले, त्याचा खून झाला. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याचे प्रकार घडतच होते, तेव्हा या तर्कास हसून चालणार नाही. कोणी म्हणाले, त्याला पैसे देऊन देशाबाहेर धाडले. तो मेक्सिकोत सुखाने राहतो. कोणी म्हणाले, तो कंटाळून स्वतःच निघून गेला. यांपैकी एकाही तर्काला न्यायालयात टिकेल असा आधार मिळालेला नाही. पुरावा नसताना खुनाचा आरोप करणे जितके गैर, तितकेच एका निष्कलंक तरुणावर लाच खाल्ल्याचा डाग लावणे गैर. सात वर्षे ज्याची खबर मिळाली नाही तो मृत झाला असे कायदा गृहीत धरू शकतो. आपल्या पुराव्याच्या कायद्यातही तशी तरतूद आहे. पण गृहीत धरणे म्हणजे उलगडा करणे नव्हे.

तेव्हा गेन्सचे काय झाले हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. ज्याचे उत्तर उपलब्ध आहे असा दुसराच प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे. तो गेल्याचे कळावयास इतके महिने का लागले? ज्याच्या नावावर राष्ट्रातील सर्वांत मोठ्या न्यायालयाचा निकाल उभा होता, ज्याचे नाव वृत्तपत्रांतून गाजत होते, तो मार्चमध्ये नाहीसा झाला. त्या वेळी पोलिसांत तक्रारसुद्धा झाली नाही. आणि त्याच्या वकिलांना हे समजले ते शरद ऋतूच्या सुमारास, साक्षीची गरज पडली तेव्हा!

या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्रात आहे. ३ मार्च १९३९ रोजी त्याने आईला ते लिहिले. लोक टाळ्या वाजवितात, हात हातात घेतात, पाठ थोपटतात, कार्य किती थोर म्हणून सांगतात, आणि तेथेच सारे संपते, अशी व्यथा त्यात आहे. वृत्तपत्रांच्या रकान्यांबाहेर आपल्याला कोणी ओळखत नाही. कधीकधी वाटते, ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही असा साधा माणूस असतो तर बरे झाले असते, अशा आशयाचे तो लिहितो. काही काळ पत्र आले नाही तर काळजी करू नको, असेही त्याने आईला कळविले होते. घरच्यांनी ते खरे मानले. संघटनेने तो आपल्या कामात असेल असे मानले. ज्याने त्याने दुसऱ्याच्या भरवशावर त्याला सोडले, आणि तो कोणाच्याच नजरेत उरला नाही.

आमच्या मते या प्रकरणाचे खरे मर्म येथे आहे. हक्क व्यक्तीचा असतो, हे न्यायालयाने सांगितले ते सर्वस्वी योग्यच होते. परंतु हक्क एकट्याचा असला म्हणून त्याचे ओझेही एकट्याचेच असावे, असे कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नाही. ती चूक समाजाची. ज्याच्या खांद्यावर सर्वांचे भवितव्य ठेवले, त्याच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता मात्र त्याची त्याने करावी, हा व्यवहार अन्याय्य तर आहेच, पण अदूरदर्शीपणाचाही आहे. गेन्स नाहीसा झाला आणि १९४० च्या जानेवारीत त्याचा दावा निकालात निघाला. वादीच नाही तर वाद कसला? मिसूरी विद्यापीठात पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने प्रवेश केला तो १९५० साली. एक माणूस हरवला, त्याची किंमत संपूर्ण दशकाने मोजली.

गेन्समागून ल्युसिल ब्लुफोर्ड या कृष्णवर्णीय पत्रकार भगिनीने त्याच विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्येच्या शाखेत प्रवेश मागितला. तिला तो न देता १९४२ साली विद्यापीठाने ते उच्च शिक्षणच बंद केले. तरी ती खचली नाही. तिच्या हाती स्वतःचा व्यवसाय होता, तिच्या पाठीशी तिचे वृत्तपत्र होते. पुढे १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा जो इतिहासप्रसिद्ध निकाल लागला, त्यात निरनिराळ्या ठिकाणचे दावे एकत्र करण्यात आले होते, आणि एकट्या टोपेका गावातून तेरा पालक आपल्या वीस मुलांच्या वतीने वादी झाले होते. त्या निकालाची वाट ज्या निकालांनी तयार केली, त्यांत गेन्सचा निकाल अग्रभागी आहे. पण या वेळी ओझे एका खांद्यावर नव्हते. एक जण खचला तर बारा उभे होते.

मिसूरी विद्यापीठाने २००६ साली गेन्सला सन्मान्य विधी पदवी अर्पण केली. त्याच वर्षी त्या राज्यात त्याला मरणोत्तर वकिलीची सनदही देण्यात आली. हे उचितच झाले. परंतु ती सनद घ्यावयास पुढे होणारा हात कोठे होता?

आपल्या देशात जाती वा धर्मावरून सरकारी शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे संविधानाच्या एकोणतिसाव्या कलमाने १९५० सालीच सांगून ठेवले आहे. गेन्सला जे दावा लढून मिळवावे लागले ते आपल्या मुलामुलींच्या हाती लिखित स्वरूपात आयते आले आहे. म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे. मुलगा वा मुलगी परीक्षा उत्तीर्ण झाली की आपण सभा भरवितो, हार घालतो, चार भाषणे होतात. सत्कार संपला की ते लेकरू वसतिगृहाच्या खोलीत एकटे असते. तेथे त्याच्याशी कोण बोलते, कोण टाकून बोलते, शिष्यवृत्ती वेळेवर आली की नाही, खाणावळीचे पैसे थकले आहेत काय, हे विचारणारे कितीजण आहेत?

आम्ही वाचकांकडे फार काही मागत नाही. ज्या वस्तीतून एक विद्यार्थी शहरी गेला असेल, त्या वस्तीतील दोन जाणत्या माणसांनी त्याची विचारपूस करण्याचे काम नेमून घ्यावे. आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलणे झालेच पाहिजे, आणि ते केवळ गुणांविषयी असू नये. त्याच्या खोलीतील सोबत्याचा व एका शिक्षकाचा पत्ता घरी लिहिलेला असावा. काळजी करू नका, असे तो म्हणाला तर त्या दिवशी अधिक काळजी करावी. आणि दुर्दैवाने तो दिसेनासा झालाच, तर क्षणाचाही विलंब न लावता पोलीस ठाण्यात जावे. चोवीस तास थांबावे लागते ही समजूत खोटी आहे. तसा कोणताही कायदा नाही. तक्रार लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. त्याला कोणी बेकायदा अडकवून ठेवले आहे असे मानावयास आधार असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो. पोराची बदनामी होईल म्हणून गप्प बसणे हा त्याच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय ठरेल. पहिले काही तास जे सापडते ते पुढील ऐंशी वर्षांत सापडत नाही.

लढणारा एक असला तरी त्याच्यामागे मोजणारे अनेक असावे लागतात. आज तो कोठे आहे, जेवला काय, परतला काय, हे मोजणारे. लॉइड गेन्स तिकिटे आणावयास गेला त्या रात्री दाराकडे डोळे लावून बसलेले कोणी नव्हते. आपल्या लेकरांच्या बाबतीत असे घडू न देणे हे पूर्णपणे आपल्याच हाती आहे.