इन्व्हर्टर रुसला? हात मागे, डोळे उघडे!

ऊन रणरणतंय, गच्चीवरची सोलर पॅनेलं चकाकताहेत आणि भिंतीवरचा इन्व्हर्टर मात्र ढिम्म! घरात लगेच गलका सुरू होतो, "बिघडला वाटतं!" थांबा. डॉक्टर सुई टोचण्याआधी जीभ बघतात ना? आपणही तसंच नुसतं बघायचं. हात मात्र पाठीमागे! का, ते सांगतोच.

पहिला प्रश्न: इन्व्हर्टर पूर्ण काळोखात आहे, की एखादा लाल दिवा लुकलुकतोय? लाल दिवा असेल, तर तो जिवंत आहे. मग शेजाऱ्यांकडे डोकावा. त्यांच्याकडे लाइट आहे का? हसू नका हं! २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पॅनेलं गावच्या वीजवाहिनीला जोडलेली असतात आणि बहुतेक घरांत बॅटरी नसते. अशा घरात बाहेरची वीज गेली, की हा पठ्ठ्या भर उन्हातही काम थांबवतो. मोठी माणसं वैतागतात, "एवढे पैसे घातले, आणि लाइट गेली की हाही बंद?"

पण समजा, गल्लीतल्या खांबावर वायरमनकाका चढलेत. त्यांनी लाइन बंद केलीय. त्याच वेळी तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत शिरली तर? त्यांच्या जिवावरच बेतेल! म्हणून इन्व्हर्टर आपण होऊन गप्प बसतो. लाइट परत आली तरी तो घाई करत नाही. व्होल्टेज बरोबर आहे ना, सेकंदाला ५० आवर्तनं होताहेत ना, हे काही वेळ पाहतो आणि मगच कामाला लागतो. हा बिघाड नव्हे, शहाणपणा आहे!

आता दुसरी शक्यता, ठार काळोख. रात्र असेल तर खुशाल झोपा. यांतले बरेच इन्व्हर्टर स्वतःची भूकही पॅनेलांवरच भागवतात, त्यामुळे सूर्य मावळला की तेही झोपतात. पण भर दुपारी काळोख असेल, तर पॅनेलांकडची वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही, अशी शंका घ्या. इन्व्हर्टरच्या खाली किंवा शेजारी डीसी स्विच असतो. गच्ची रंगवताना कुणी तो बंद केला आणि विसरला, असं होऊ शकतं. स्विच कुठे आहे ते बघा आणि मोठ्यांना दाखवा. तो चालू करायचं काम त्यांचं.

आता ती हाताची गोष्ट. एका पॅनेलचे साधारण ४० व्होल्ट धरा. अशी दहा ओळीनं जोडली की झाले ४०० व्होल्ट! घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला मदत होते. पॅनेलांची डीसी वीज शून्यावर येतच नाही. चालू जोडणी ओढली, तर ठिणगी पेटतीच राहते आणि आग लागू शकते. शिवाय सूर्याला काही बटण नाही! इन्व्हर्टर बंद असला तरी पॅनेलांकडून येणारी तार दिवसभर जिवंतच असते. तिला दोस्त समजू नका.

बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर संशय आधी बॅटरीवर. १२ व्होल्टची बॅटरी साधारण साडेदहाच्या खाली उतरली, की इन्व्हर्टर तिला वाचवायला काम थांबवतो. टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर वीज नीट वाहत नाही. पण ती पूड खरवडायला जाऊ नका. बॅटरीत आम्ल असतं. चार्जिंग चालू असताना तिच्यातून हायड्रोजन वायूही निघतो, त्यामुळे जवळ काडी ओढायची नाही.

एवढं बघूनही कोडं सुटलं नाही, तर वही-पेन्सिल घ्या. किती वाजता बंद पडला, दिवा कोणत्या रंगाचा, पडद्यावर कोणता आकडा, त्या वेळी लाइट होती का, हे सगळं टिपून ठेवा. दुरुस्तीवाले काका आले, की चहाआधी ती वही त्यांच्या हातात द्या!