रोग कोणाचा, औषध कोणाला?

समलिंगी आकर्षण हा रोग नव्हे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले त्याला अर्धशतक उलटले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली ते आपल्या विकारांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तेच केले, आणि पारलिंगी असणे हाही मनोविकार नव्हे, हे २०१९ साली स्वीकारलेल्या नव्या वर्गीकरणाने स्पष्ट केले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली आपली भूमिका जाहीर केली व त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा फास सोडविला. असे असूनही ‘पोराला डॉक्टरकडे दाखवून आणा’ हा सल्ला आजही दिला जातो आणि ‘लग्न लावून द्या, सारे सुरळीत होईल’ हा उपचार आजही सांगितला जातो. रोगच उरलेला नसेल, तर हे औषध कोणासाठी, हे विचारणे प्राप्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांच्या तक्त्यात सापडत नाही. संबंधितांना बोलते केल्यावाचून ते हाती लागत नाही. केतकी रानडे यांनी २००९ साली पश्चिम भारतातील अशा ‘बदल-उपचारां’चा अभ्यास केला तो याच मार्गाने. जागतिक यादीतून विकार वगळला गेल्यावर जवळपास दोन दशके उलटली होती, तरी दवाखान्यात उपचार चालूच होते, हे त्या अभ्यासाने उजेडात आणले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला शास्त्राच्या नावाने: मूठभर लोकांच्या मुलाखती म्हणजे शास्त्र काय? किती माणसे दवाखान्यात आली, हे मोजून कळेल यात शंका नाही. परंतु नोंदवहीत ‘रुग्ण स्वेच्छेने आला’ असे लिहिलेले असते, तेथे मोजणी थांबते. त्या ‘स्वेच्छे’मागे कोण उभे होते? गाडीभाडे कोणी दिले? तपासणीच्या खोलीत बाप बसून होता की नाही? लग्नाची तारीख आधीच धरलेली होती काय? हे प्रश्न मुलाखतच विचारू शकते. धाकाला इच्छेचे नाव देणे ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. वेठबिगारही कागदोपत्री स्वेच्छेनेच राबत असे.

दुसरा आक्षेप पुरोगामी वर्तुळातूनच येतो: भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना हे शहरी चोचले कशाला? असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास आठवावा. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर १९३४ साली खटला भरला गेला तो वाचकांच्या खासगी लैंगिक शंका छापून त्यांना उत्तरे दिल्याबद्दल. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण अन्नाच्या, पाण्याच्या आणि मंदिराच्या लढ्यात गुंतलेल्या त्या नेत्याला हा प्रश्न चोचला वाटला नाही.

चोचला ठरतो तो प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर मात्र शहरापुरते राहिले आहे. सहृदय समुपदेशक आज मुंबई-पुण्यात मिळतात, बहुधा तासाच्या दराने. रानडे यांच्या २०१८ सालच्या ग्रंथाचा विषयही शहरी भारतात समलिंगी म्हणून वाढणे हाच आहे. हा त्या संशोधनाचा दोष नव्हे. त्यापुढचे काम करण्याची टाळाटाळ मात्र दोषास्पद आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. तालुके चौदा, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पंचेचाळीस लाखांवर. अकोल्याच्या डोंगरातला किंवा पाथर्डीच्या दुष्काळी पट्ट्यातला तरुण तासाचा दर कोठून देणार? आणि मुलीचे काय? २००९ चा अभ्यास पुरुषांचा होता. स्त्रीला तर दवाखान्यापर्यंतही पोचू दिले जात नाही. तिचा ‘उपचार’ घरात, हळद लावूनच उरकला जातो. सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी-सेवा २०२२ पासून आहे. पण ज्या घरात फोन भावाच्या खिशात असतो, तेथे ती मोफत सेवाही महागच पडते.

या जिल्ह्याला वाचा नाही असे नव्हे. श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख या पारलिंगी कवयित्री व कार्यकर्त्या स्वतःच्या शब्दांत बोलतात आणि महाराष्ट्र ते ऐकतो. याच जिल्ह्यातील जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली काम सुरू केले आणि अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर खेडूत स्त्रियांना आरोग्यसेविका बनविले. ज्या स्त्रिया बाळंतपण आणि कुष्ठरोग यांविषयीची अज्ञानाची भिंत पाडू शकल्या, त्यांच्या लेकीसुना ‘हा आजार नाही’ एवढे चार शब्द उंबरठ्यावर बसून सांगू शकणार नाहीत काय?

कायदा पुरेसा स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मज्जाव करतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली ‘बदल-उपचारां’वर बंदी घातली, तो निकाल देण्यापूर्वी न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, कारण विषय समजून घेतल्यावाचून न्याय होणार नाही हे त्यांनी ओळखले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

आता मागण्या नेमक्या हव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील प्रत्येक समुपदेशकास या विषयाचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. प्रत्येक तालुक्यात, कुटुंबीयांना बाहेर बसवून एकट्याशी बोलण्याची सोय झाली पाहिजे. ग्रामीण भागातील संशोधन मराठीत, त्या त्या समाजातील माणसांना सहसंशोधक करून व त्यांच्या श्रमाचा मोबदला देऊन झाले पाहिजे.

परंतु सर्वांत मोठी मागणी कार्यकर्त्यांकडेच आहे. गावात भाऊबंदकी असो की सोयरीक, तंटा तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे येतो. ‘साहेब, पोराला जरा समज द्या’ म्हणत बाप एक दिवस दारात उभा राहील. त्या वेळी लग्नाला रुकार देणारा कार्यकर्ता दोन आयुष्ये उद्ध्वस्त करील, कारण मांडवात उभ्या राहणाऱ्या मुलीला तर कोणीच काही विचारलेले नसेल. समज द्यावयाची आहे ती बापाला. पोराचे आधी ऐकून घ्यावयाचे आहे.